वाळवंटातला उन्हाळा आणि पहाटेची पायवाट

मराठीत 'वाळवंट' हा शब्द दोन अर्थांनी नांदतो. एक भूगोलाच्या पुस्तकातला: पाऊस नाही, झाड नाही, माणूस नाही. दुसरा पंढरपूरचा: चंद्रभागेचे वाळवंट, जिथे कीर्तन रंगते आणि माणसांची दाटी होते. साहित्यात रूपक म्हणून चलती आहे ती पहिल्याच अर्थाची. आयुष्याचे वाळवंट झाले असे लिहिले की लेखकाला पुढे काही सांगावे लागत नाही. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरातले लोक उन्हाळ्यात आपल्या उद्यानांत कसे वावरतात हे पाहिले, तर हे रूपक किती आळशी आहे ते ध्यानात येते.

फिनिक्स सोनोरन वाळवंटात वसले आहे. या वाळवंटात वाळूपेक्षा दगड आणि काटेरी वनस्पती अधिक. पाऊस येथे वर्षातून दोनदा येतो, हिवाळ्यात हलका आणि उन्हाळ्याच्या उत्तरार्धात गडगडाटी. या दुसऱ्या पावसाला तिथले लोकही 'मॉन्सून'च म्हणतात. उद्यान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हिरवळ, कारंजे आणि 'फुले तोडू नयेत' ही पाटी येते. फिनिक्सचे साउथ माउंटन पार्क म्हणजे सोळा हजार एकरांहून अधिक पसरलेली डोंगररांग आहे. शहराने त्यातली बरीचशी जमीन १९२४ साली १७,००० डॉलरना घेतली आणि बव्हंशी आहे तशीच ठेवली. नगरपालिकेच्या मालकीचा डोंगर, त्यावरच्या पायवाटा आणि त्यांवर उभे असलेले सग्वारो निवडुंग, एवढेच ते उद्यान.

आता या उद्यानात उन्हाळ्यात जायचे कसे? २०२३ साली ३० जून ते ३० जुलै असे सलग ३१ दिवस फिनिक्सचे कमाल तापमान ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सिअस, किंवा त्याहून अधिक होते. याचे उत्तर स्थानिकांना ठाऊक आहे: दिवस उलटा लावायचा. जूनमध्ये तिथे पाच-सव्वापाचला उजाडते. अमेरिकेच्या बहुतेक भागांत उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे करतात. ॲरिझोनाच्या बहुतांश भागाने ही प्रथा १९६८ पासून सोडून दिली आहे, कारण संध्याकाळचे ऊन तासभर लांबवण्याची हौस तिथे कोणाला नाही. पहाटेच्या काळोखात पायवाटेच्या तोंडाशी मोटारी लागू लागतात. म्हातारी माणसे, धावणारे, पाण्याच्या बाटल्या अडकवलेली मुले वर चढू लागतात आणि ऊन तापण्याआधी परततात. सग्वारोचाही हाच शिरस्ता आहे. दिवसा पाणी उडून जाऊ नये म्हणून तो आपली रंध्रे मिटून घेतो आणि रात्री उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो. वसंताच्या अखेरीस येणारी त्याची फुलेही रात्रीच उमलतात.

तरीही कॅमलबॅकसारख्या उभ्या चढाच्या डोंगरावर भर उन्हात जाणारे असतातच. बचावासाठी धावणारे अग्निशमन दलाचे जवानच उष्णतेने आजारी पडू लागले, तेव्हा २०२१ साली शहराने तीव्र उष्णतेच्या इशाऱ्याच्या दिवशी काही अवघड वाटा सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद ठेवायला सुरुवात केली. पुढे ही बंदी सकाळी आणखी लवकर लागू होऊ लागली. या निर्णयावर आक्षेप असा, की डोंगर सर्वांचा आहे आणि धोका पत्करायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. मला हा आक्षेप मान्य नाही, आणि तो कोठून येतो हे साहित्याच्या अभ्यासकाने ओळखायला हवे. एडवर्ड ॲबी यांच्या 'डेझर्ट सॉलिटेअर' (१९६८) या पुस्तकाने वाळवंटावर प्रेम करायला एका पिढीला शिकवले. पण वाळवंट आणि एकटेपण ही जोडी त्याच्या शीर्षकातच आहे. एकटा माणूस, डोक्यावर सूर्य आणि समोर निर्मनुष्य विस्तार, ही प्रतिमा पुस्तकात सुंदर दिसते. प्रत्यक्षात मात्र दुपारी त्या एकट्याला खाली उतरवायला स्ट्रेचर धरणारी अनेक माणसे लागतात. ती या चित्रात कधीच नसतात.

याच वाळवंटाकडे पाहण्याची दुसरी, कितीतरी जुनी दृष्टी तोहोनो ओऑडम लोकांची आहे. या नावाचा अर्थच 'वाळवंटातले लोक' असा आहे. जून-जुलैत सग्वारोची फळे पिकतात. वाळलेल्या सग्वारोच्या फासळ्या जोडून केलेल्या लांब काठीने ती काढतात, त्यांचा रस आटवतात, त्याचे मद्य करतात आणि पावसाला बोलावतात. त्यांचे नवे वर्ष येथून सुरू होते. 'ऋतुसंहारा'चा आरंभही ग्रीष्मानेच होतो, हे संस्कृतच्या विद्यार्थ्यांना आठवेल. ज्यांच्या वर्षाचा प्रारंभच उन्हाळ्यात आहे, त्यांना वाळवंट रिकामे वाटणे शक्य नाही. त्यांच्याकडे उन्हाळा हा सर्वांनी मिळून करायच्या कामाचा ऋतू आहे.

पहाटेच्या पायवाटेचे कौतुक करताना एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. फिनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत आहे, तिथे २०२३ साली उष्णतेशी निगडित ६४५ मृत्यूंची नोंद झाली. त्यांत बेघरांचा वाटा मोठा होता. दिवस उलटा लावण्याची सोय ज्याला घर आहे, गार खोली आहे, त्यालाच असते. शिवाय काँक्रीट आणि डांबर दिवसभराची उष्णता रात्री परत देत राहतात. त्या जुलैत रात्रीही पुरेशा निवत नव्हत्या आणि शहरातले काही सग्वारो कोलमडून पडले. सग्वारोला जिथे रात्र पुरत नाही, तिथे माणसाला तरी ती किती पुरणार? म्हणूनच झाडांची सावली, पाण्याचा नळ आणि संध्याकाळी उशिरापर्यंत उघडे राहणारे फाटक या उद्यानाच्या शोभेच्या बाबी नव्हेत. उन्हाळ्याचा आनंद कोणाच्या वाट्याला येणार हे त्यांवरून ठरते.

वाळवंटाचे सौंदर्य वाचताना आपण दुपारचीच पाने वाचत आलो. पहाटेची पाने वाचली तर तिथे माणसे दिसतात, एकमेकांना वाट देणारी आणि पाणी विचारणारी. आपल्या भाषेतल्या दुसऱ्या वाळवंटाची ओळख असलेल्या वाचकाला ते दृश्य परके वाटू नये.