‘खराब’ हा शेरा कोणाचा?

जवाहरनगर ही भंडारा जिल्ह्यातील आयुध निर्माणीची वसाहत. कारखान्यात हयात घालवलेल्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही: वस्तू रद्द ठरवायची तर आधी ती तपासली पाहिजे. संगणकाच्या हार्ड डिस्कपाशी मात्र हा साधा नियम सर्रास मोडला जातो. पडद्यावर ‘बॅड सेक्टर’ ही अक्षरे उमटली की दुकानदार नवी डिस्क सुचवतो, कचेरी जुनी निर्लेखित करते आणि भुर्दंड शाळेच्या तुटपुंज्या अनुदानावर पडतो.

वस्तुतः हा शेरा म्हणजे निदान नव्हे. ती केवळ नोंद आहे. विंडोजची एनटीएफएस रचना डिस्कवरील जागा बहुधा ४ किलोबाइटच्या क्लस्टरांत वाटते. एखादा क्लस्टर वाचता आला नाही की त्याची नोंद ‘बॅडक्लस’ नावाच्या फाइलीत होते आणि तो वापरातून बाद होतो. दोष कधी खरोखरच डिस्कचा असतो, कधी सैल केबलचा, तर कधी लिहिता लिहिता गेलेल्या विजेचा. कारण दूर झाले तरी नोंद राहते. त्याहून नवल असे की, जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर उतरवली तर ही काळी यादीही सोबत येते आणि धडधाकट डिस्कची निर्दोष जागा पूर्वजाच्या दोषापायी बहिष्कृत होते!

सातबाऱ्यावरील ‘पोटखराब’ हा शब्द शेतकऱ्याला परका नाही. वर्ग ‘अ’ची पोटखराब जमीन घाम गाळून लागवडीस आणली तरी कागदावर ती नापीकच राहत असे. ती लागवडीयोग्य म्हणून नोंदवण्याची वाट २०१८ साली नियम बदलल्यावर मोकळी झाली. जमीन केव्हाच सुधारली होती. सुधारायचा होता तो कागद.

डिस्कचा कागद सुधारण्याची सोयही आहे. ‘चेकडिस्क’ या आज्ञेला ‘/बी’ जोडले की जुनी यादी पुसली जाते आणि प्रत्येक क्लस्टर नव्याने तपासला जातो. प्रत उतरवल्यानंतर हा पर्याय वापरावा, असे खुद्द मायक्रोसॉफ्टच सांगते. ज्ञान गुप्त नाही. ते गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवण्यात विक्रेत्याला स्वारस्य नाही, एवढेच.

यावर ‘जोखीम कशाला?’ असे विचारले जाईल. प्रश्न रास्त आहे. २४ जानेवारी २०२५ रोजी निर्माणीतील स्फोटात कामगार गमावलेल्या जवाहरनगरला धोक्याची किंमत कोणी सांगायला नको. म्हणूनच शेरा डोळे मिटून पुसणे हाही अपराधच. आधी माहितीची दुसरी प्रत ठेवावी, मग तपासणी करावी. दोष पुन्हा उमटले, वाढू लागले, तर डिस्क खुशाल बाद करावी. आक्षेप बाद करण्याला नाही, न तपासता बाद करण्याला आहे.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांचा मुख्य भर पुनर्चक्रणावर आहे. परंतु चालती वस्तू मोडून तिच्यातला धातू काढणे याला काटकसर म्हणत नाहीत. जनतेच्या पैशाने घेतलेली कोणतीही डिस्क लेखी तपासणी अहवालाशिवाय निर्लेखित होऊ नये, अशी मागणी कार्यकर्त्यांनी ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत लावून धरली पाहिजे. शेरा मारण्याचा अधिकार ज्याला हवा, त्याने तपासणीची जबाबदारीही घेतली पाहिजे.