पूर आला तर गोठ्यातली दावी कोण सोडणार?

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीने परंडा, करमाळा, माढा तालुक्यांत जे केलं ते अजून कुणी विसरलेलं नाही. एरवी उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारा हा भाग, त्यामुळे पुराची तयारी फारशी कुणाच्या डोक्यातच नव्हती. पिकं गेली, काही ठिकाणी तर मातीच खरवडून गेली. पण जास्त जिव्हारी लागलं ते दावणीला बांधलेली जनावरं जागेवरच बुडाली, ते.

सरकारने राज्यासाठी ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. दुभत्या जनावरामागे मदत ३७ हजार ५०० रुपये. एवढ्यात चांगली म्हैस येते का, ते बाजारात विचारून बघा. त्या खरिपात पीक विम्यातून स्थानिक आपत्तीचा निकषही काढलेला होता. भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर. म्हणजे तुमचं एकट्याचं रान वाहून गेलं, पण मंडळाची सरासरी ठीक निघाली, तर हप्ता भरूनही हात रिकामेच. मदतीच्या भरवशावर संसार पुन्हा उभा राहत नाही. जे वाचवता येईल ते पाणी यायच्या आधीच वाचवावं लागतं.

नदी-ओढ्याकाठच्या लोकांनी पावसाळ्यापुरती तरी लोखंडी साखळी काढून दोरीचं दावं लावावं. अंधारात, घाईत साखळी सुटत नाही. दावं विळ्याने कापता येतं. तो विळा गोठ्याच्या खुंटीलाच राहू द्या. धरणाचा विसर्ग वाढल्याचा मेसेज रात्री-अपरात्रीही येतो. तेव्हा जनावरं कोणत्या माळावर न्यायची, म्हाताऱ्या माणसाला कोण उचलणार, हे घरात आत्ताच ठरवा. थोडी वैरणही उंचावर रचून ठेवा. विजेसाठी दामिनी ॲप आहे, ते मोबाईलमध्ये असू द्या.

राहिला कागद. फार्मर आयडी, ई-पीक पाहणी, आधार जोडलेलं बँक खातं, यातलं एक जरी अडलं तरी पैसे अडकतात. कानात बारा अंकी बिल्ला नसलेल्या जनावराची भरपाईही अडते. शिवाय जनावर वाहूनच गेलं तर पंचनाम्याला दाखवणार काय? म्हणून बिल्ला नीट दिसेल असा प्रत्येकाचा फोटो काढा आणि बाहेरगावच्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. आपला फोन पाण्यात गेला तरी पुरावा राहतो. बिल्ला नसेल तर जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मारून घ्या.