ॲव्हरेजची ऐशीतैशी

माणूस सायकल का चालवतो, या प्रश्नाला आमच्या लहानपणी एकच उत्तर होतं : स्कूटर नसते म्हणून. आता ज्यांच्या दारात दोन मोटारी उभ्या असतात तेच सायकल चालवतात. आणि नुसती चालवत नाहीत, ‘राइड’ करतात. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, असं मला माझ्या भाच्याने समजावून सांगितलं आहे. सायकल चालवणारा कुठे तरी जात असतो. राइड करणारा पहाटे घरून निघतो, शंभर किलोमीटर फिरून पुन्हा आपल्याच घरी येतो आणि एक आकडा चारचौघांना कळवतो. त्या आकड्याला ॲव्हरेज म्हणतात.

माझं भांडण आहे ते या आकड्याशी. सायकलीशी नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी पुण्यात वाढलो, आणि तेसुद्धा पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हा. सायकलीला बिल्ला लागायचा, रात्री दिवा लागायचा, आणि डबलसीट दिसलं की हवालदार चौकात चाकांची हवा सोडायचा. तेव्हा सायकलीवरचं माझं प्रेम हवा गेल्यावरही टिकलेलं आहे.

भाचा शनिवार-रविवार सायकलवर असतो. सिंहगडाचा पायथा, दिवे घाट, खंबाटकी हे त्याचे शेजारीपाजारी. त्याच्या सायकलची किंमत ऐकून आमची ही म्हणाली, “एवढ्यात लग्नाचा हॉल झाला असता!” अर्थात ही सायकल घेऊन तो कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला जात नाही. कोथिंबीर मोटारीने येते.

गेल्या डिसेंबरात त्याने मला गळ घातली. ताम्हिणीतून माणगाव, तिथून म्हसळा, श्रीवर्धन, आणि हरिहरेश्वराजवळ बागमांडल्याला खाडी ओलांडून पलीकडे. मध्ये दोन मुक्काम. मी माझी साधी सात गिअरची सायकल पुसली, कॅरिअरला पिशवी बांधली आणि तयार झालो. भाच्याने कॅरिअरकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, आणि आपलं जुनं घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं.

“मामा, यात सगळं मोजलं जातं. आणि तुम्ही कुठे थांबलात ना, तर हे आपोआप थांबतं.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे तो वेळ धरलाच जात नाही. नाहीतर ॲव्हरेज खराब होतो.”

वाचकहो, मी सायकलवर पाय टाकला तो या वाक्याचा विचार करतच. थांबलेला वेळ धरायचाच नाही! चांदणी चौकातून मुळशीच्या दिशेने जाताना, धरणाच्या पाण्यावरून धुकं उठताना, मी हाच हिशोब करत होतो. पौडला चहा प्यालो, तो धरला नाही. एका वळणावर म्हशींनी रस्ता अडवला, त्या धरल्या नाहीत. ताम्हिणीच्या उतारावर कोकण दिसलं म्हणून उतरून पाहत उभा राहिलो, तर कोकणही धरलं नाही. भाचा पुढे जाऊन दर वीस किलोमीटरवर माझी वाट पाहायचा. ते वाट पाहणंही त्याच्या घड्याळात नव्हतं. मामासाठी त्याने दिवसभरात दोन तास खर्च केले आणि नोंद शून्य. मला तर वाटतं, इतकं निष्काम कर्म गीतेतसुद्धा कोणी कोणाला सांगितलं नसेल.

आता मला जे आठवतं ते सांगतो. १९७८ साली, दिवाळीच्या सुटीत, मी आणि माझा एक मित्र असेच कोकणात निघालो होतो. भाड्याच्या काळ्या सायकली, भोरमार्गे वरंधा घाट. घाटाच्या तोंडाशी परतीचा पाऊस असा कोसळला की पुढचं चाक दिसेना. एका टपरीच्या पत्र्याखाली तीन तास बसलो. भजी खाल्ली, चहा प्यालो, आणि मग दुसरं काही उरलं नाही म्हणून बोलायला लागलो. तेव्हा तो म्हणाला की वडिलांना आता काम झेपत नाही, या वर्षी तो कॉलेज सोडतोय, नोकरी लागली आहे. चार वर्षं आम्ही एका बाकावर बसलो होतो. हे वाक्य बोलायला त्याला पाऊस लागला. पुढे महाडला किती वाजता पोचलो, बाणकोटला होडीत सायकली आडव्या टाकून खाडी ओलांडली ती कितव्या दिवशी, काही आठवत नाही. ते तीन तास मात्र मिनिटामिनिटाने आठवतात. तो मित्र आता नाही. भाच्याच्या घड्याळाने त्या प्रवासातले नेमके तेवढेच तीन तास वगळले असते.

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला नव्या पिढीचं काही आवडत नाही. तसं मुळीच नाही. डोक्यावर शिरस्त्राण आणि मागे लाल दिवा, हे मला शंभर टक्के मान्य आहे. आम्ही रात्री घाट उतरायचो ते तोंडात टॉर्च धरून. वाचलो ती आमची अक्कल नव्हे. आणि भाच्याचंही एक म्हणणं आहे. तो म्हणतो, “मामा, आकडा नसता तर रविवारी पहाटे चारला उठलं कोण असतं?” हे खरं आहे. पोटाचा घेर आकड्यानेच कमी होतो, गप्पांनी वाढतो. माझा पुरावा माझ्याबरोबरच असतो.

पण मोजायचंच असेल तर प्रामाणिकपणे मोजा ना! भाचा ज्या ‘बीआरएम’चं नाव भक्तिभावाने घेतो, ती फ्रेंचांची पद्धत मी त्याच्याकडूनच समजून घेतली. दोनशे किलोमीटरना साडेतेरा तास, सहाशेला चाळीस. बाराशे किलोमीटरची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, जी पहिल्यांदा १८९१ साली झाली आणि आता चार वर्षांतून एकदा होते, तिला जास्तीत जास्त नव्वद तास. पण मुद्दा पुढेच आहे. त्यात घड्याळ थांबत नाही! तुम्ही जेवलात, झोपलात, पंक्चर काढलंत, झाडाखाली बसून बायकोची आठवण काढलीत, सगळं धरतात. पहिला-दुसरा नंबर काढत नाहीत. ठिकठिकाणी कार्डावर शिक्का मारून घ्यायचा, आणि तिथे फार लवकर पोचलात तर तेही चालत नाही. म्हणजे ज्यांनी हा छंद शिस्तीला बसवला त्यांनी थांबणं हा प्रवासाचाच भाग मानला, आणि आम्ही त्यांच्याकडून फक्त घट्ट चड्डी उचलली.

हे सगळं मी भाच्याला ऐकवणार होतो, पण माझं काम म्हसळ्याजवळ एका खिळ्याने केलं. भाच्याचं मागचं चाक बसलं. पंक्चरवाल्याने सायकलला एक प्रदक्षिणा घातली.

“स्टँड नाय?”

“वजन वाढतं,” भाचा म्हणाला.

“घंटी?”

“वजन वाढतं.”

“मग हवा तरी कशाला भरता?”

पंक्चर दहा मिनिटांत निघालं, पण हवा भरेना. त्या फ्रेंच व्हॉल्व्हचं तोंड बारीक, कॉम्प्रेसरची नळी मोठी. दोन्हींच्या मध्ये लागणारी कुडीएवढी पितळी टोपी भाच्याने पुण्याला ठेवली होती. कारण तुम्ही ओळखलंच असेल : वजन. छोटा पंपही त्याच कारणाने माझ्या बहिणीच्या घरी सुखरूप होता. मग पंक्चरवाल्याच्या पोराला मोटारसायकलवरून पिटाळलं, आणि आम्ही दोन तास बाकड्यावर बसलो. पहिला अर्धा तास भाचा घड्याळ पाहत होता. मग शेजारच्या घरातून कोकम सरबत आलं. मग त्याने मला विचारलं, “मामा, आजोबा खरंच सायकलवरून ऑफिसला जायचे?” मी सांगत राहिलो. बत्तीस वर्षांत त्याने माझ्या वडिलांबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. मग हळूच म्हणाला की नोकरीत त्याचं मन लागत नाही, घरी अजून बोललेला नाही. मी काही उपदेश केला नाही. फक्त मनातल्या मनात त्या खिळ्याला नमस्कार केला.

तिसऱ्या दिवशी बागमांडल्याला पोचलो तर फेरीबोट नुकतीच सुटलेली. पुढच्या बोटीपर्यंत धक्क्यावर बसलो. सावित्रीची खाडी समोर होती, कोळणी टोपल्या टेकवून सुखदुःखाचं बोलत होत्या, आणि आमची दोन्ही घड्याळं गप्प होती. कोकणातल्या खाड्या देवाने याचसाठी केल्या असाव्यात. माणसाला चढावर धापा टाकायला लावायच्या आणि मग पाण्यापाशी आणून बसवायचं.

बोट आली. सायकली कठड्याला टेकवल्या, भाजलेल्या शेंगांची पुडी सोडली आणि आरामात बसलो. एवढ्यात मनगटावर टुणकन आवाज झाला. दोन्ही घड्याळं चालू झाली होती! जागा हलते आहे एवढंच त्यांना कळत होतं. त्यांच्या मते मामा-भाचे पाण्यावरून जोरात पॅडल मारत चालले होते. ज्या यंत्राने ताम्हिणीतलं माझं उभं राहणं धरलं नाही, त्याने माझं शेंगा खाणं मात्र व्यायामात जमा केलं.

वेशवीच्या धक्क्यावर उतरल्यावर भाच्याने आकडे पाहिले आणि त्याचा चेहरा पडला. बोटीने त्याचा ॲव्हरेज खाली ओढला होता.

माझा मात्र वाढला होता.