मागे राहणाऱ्यांचे वाङ्मय

गेल्या जुलैत मुलगी पदवी घेऊन नोकरीसाठी बंगळूरला गेली. त्यानंतरचे दोन-तीन महिने आमच्या घरी कणीक रोज उरत होती. वीस वर्षे हाताला बसलेला अंदाज एका रात्रीत बदलत नाही. उरलेला गोळा डब्यात घालून ठेवायचा आणि सकाळी त्याच्याच काळपट पोळ्या दोघांनी मुकाट्याने खायच्या, असा क्रम चालला होता. यात शोकांतिका काही नव्हती. मुलगी आनंदाने गेली होती, आम्हीही आनंदानेच पाठवले होते. तरीही त्या गोळ्यापाशी काहीतरी होत असे आणि भाषा-साहित्य शिकवण्यात उभी हयात चाललेली असूनही मला त्यासाठी शब्द सापडत नव्हता.

'रिकामे घरटे' हा शब्दप्रयोग अलीकडे वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून सर्रास दिसतो. पण तो उसना आहे आणि उसना असल्यामुळेच घाईचा आहे. घरट्याचा विचार मराठी कवितेने केलेला नाही असे नाही. बहिणाबाईंची सुगरण पिलांसाठी खोपा विणते आणि तिच्या चिमुकल्या चोचीचे कौशल्य पाहून माणसाने आपल्या दोन हातांकडे पाहावे, असे ती कविता सुचवते. तिथे घरटे बांधण्याचे कौतुक आहे. पिले उडून गेल्यावर सुगरण दिवसभर काय करते, हा त्या कवितेचा प्रश्न नव्हे. प्रश्न आपला आहे आणि आपल्या वाङ्मयाने तो फारसा विचारलेला दिसत नाही.

आपल्याकडे आईविषयी विपुल लिहिले गेले आहे, हे खरे. परंतु ते बहुतेक सारे मुलांनी लिहिलेले आहे. 'श्यामची आई' साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तिच्यात आईची प्रत्येक कृती आपल्याला श्यामच्या तोंडून कळते. शिक्षणासाठी श्याम घराबाहेर पडतो, तेव्हा आपण वाचक त्याच्याबरोबर जातो. मागे राहिलेल्या आईच्या चुलीपाशी थांबत नाही. हा पुस्तकाचा दोष नाही, ते पुस्तक मुलाच्या कृतज्ञतेचेच आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या आपण आईला केवळ याच बाजूने वाचत आलो. त्यामुळे ती आठवणीचा विषय झाली, स्वतः बोलणारी व्यक्ती क्वचितच झाली.

आई-वडील स्वतः बोलू लागतात ते नाटकात. तिथे मात्र ते दैनंदिन आयुष्याविषयी न बोलता आघाताविषयी बोलतात. 1970 साली रंगभूमीवर आलेल्या 'नटसम्राट'मध्ये आप्पा बेलवलकर आपले सारे मुलांना देऊन टाकतात आणि बेघर होतात. जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'त एक मुलगा परदेशी स्थायिक झालेला, दुसरा हवाई दलात, आणि घरात वाट पाहणारे नाना-नानी. दोन्ही नाटकांची थोरवी मी नाकारत नाही. माझी तक्रार आपल्या वाचनाविषयी आहे. या नाटकांतून आपण एक साचा तयार केला : मुले गेली म्हणजे कोणीतरी अपराधी असलेच पाहिजे. मग कणीक उरणे हीसुद्धा मुलीविरुद्धची फिर्याद ठरते, आणि फिर्याद करायची नसेल तर गप्प बसावे लागते.

या साच्याचा फोलपणा मला एका विद्यार्थ्याने दाखवला. दोन वर्षांपूर्वी द्वितीय वर्षाच्या वर्गात 'संध्याछाया' शिकवत होते. वर्ग हेलावला होता आणि खोटे कशाला बोलू, त्याचे मला समाधानही वाटत होते. तास संपताना वसतिगृहात राहणारा, बीड जिल्ह्यातून आलेला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, मग आम्ही शिकायला यायलाच नको होतं का?" मी काहीतरी सावरासावर केली. त्यावर तो म्हणाला, "आमच्याकडे तर आई-वडीलच घर सोडून जातात. दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन ऊसतोडीला गेले की उन्हाळ्यातच येतात. मी पहिल्यांदा घर सोडलं, तेव्हा निरोप द्यायला फक्त आजी होती."

मराठवाड्यातून दरवर्षी हजारो जोडपी अशी ऊसतोडीला जातात, हे आपण सारे जाणतो. पण आपली 'मागे राहण्याची' कल्पना पगारदार, दोन खोल्यांच्या, दाराशी पोस्टमनची वाट पाहणाऱ्या घराची आहे, हे मला तोवर जाणवले नव्हते. जिथे मुलेच मागे राहतात आणि आई-वडील उसाच्या फडात असतात, तिथे कोणी कोणाला सोडले, हा प्रश्नच निरर्थक ठरतो. ती माणसे परस्परांना सोडत नाहीत. पोटापाण्यासाठी आणि शिक्षणासाठी आळीपाळीने दूर होतात.

मग मागे राहणाऱ्याचा साधा, बिनतक्रारीचा आवाज मराठीत कुठेच नाही का? आहे, पण तो छापील वाङ्मयाच्या मुख्य दालनात नाही. तो जात्यावरच्या ओव्यांत आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. त्यांत सासरी दिलेल्या लेकीविषयी आई बोलते, गावाला गेलेल्या लेकाविषयी बोलते, आणि ते हातातले दळण न थांबवता बोलते. ओवीत दुःख असते, पण ते कामाच्या लयीत असते. पिठाची गिरणी आली, बायकांचे कष्ट वाचले, ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र कामाबरोबर बोलण्याची ती जागाही गेली, आणि तिच्या जागी आपण दुसरी निर्माण केली नाही. शिवाय ओवीतली लेक लग्न होऊन जात असे, तिच्यासाठी पाठवणीचा विधी होता. पदवीनंतर बॅग घेऊन पहाटेच्या गाडीने जाणाऱ्या मुलीसाठी ना विधी आहे, ना गाणे.

म्हणून या वर्षी वसतिगृहातील विद्यार्थ्यांना मी एक स्वाध्याय देणार आहे. 'माझी आई' हा निबंध नको. 'मी घरी नसताना घरी काय चालते' हे घरी विचारून लिहून आणायचे. दिवा किती वाजता मालवतात, कोण कोणाशी बोलते, काय उरते. उत्तरासाठी एखाद्याला उसाच्या फडात फोन लावावा लागेल; तो लावावा.

हा स्वाध्याय मी आधी स्वतः केला. पंचवीस वर्षांपूर्वी एम. ए. साठी माण तालुक्यातल्या गावातून मी कोल्हापूरला गेले, तेव्हा आईची अंतर्देशीय पत्रे येत. म्हैस व्याली, विहिरीचे पाणी आटले, शेजारच्या काकूंचे डोळ्याचे ऑपरेशन झाले, असा मजकूर असे. त्या वयात मला वाटे की तिला लिहिता येत नाही, मनातले सांगता येत नाही. मी गेल्यावर घरात नेमके काय झाले, हे मी तिला कधी विचारलेच नव्हते. परवा गावी गेले तेव्हा विचारले, "मी गेल्यावर भाकरी उरायच्या का गं?"

आई हसली. म्हणाली, "उरायच्या की. म्हशीला घालायची. त्ये काय पत्रात लिवायचं असतंय व्हय?"