गल्ल्यावर दानपेटी नको, टोकन ठेवा

बऱ्याच दुकानांत गल्ल्याशेजारी दानपेटी असते. गिऱ्हाईक उरलेले सुट्टे तिच्यात टाकतं. पुढे ते कुठे जातात, कोण विचारतंय? मला हे पटत नाही. दान गिऱ्हाइकाचं आणि नाव दुकानाचं!

ब्रिटनमधल्या वेटरोज सुपरमार्केटने 2008 मध्ये उलटं केलं. बिल भरलं की हातात एक हिरवं टोकन. तीन पेट्या, तीन स्थानिक संस्थांच्या. पटेल तिच्यात टाकायचं. पैसे दुकानाचे, रक्कम ठरलेली, वाटणी टोकनांच्या प्रमाणात.

आता समजा, तळेगावजवळ वराळे गावात तुमचं दुकान आहे आणि तुम्ही महिन्याला 600 रुपये बाजूला काढता. पेट्या तीन: भटक्या कुत्र्यांचं लसीकरण, शाळेचं वाचनालय, एकट्या म्हाताऱ्यांची औषधं. टोकनं 150, 100 आणि 50 पडली, तर वाटणी 300, 200 आणि 100 रुपये. शेवटच्या पेटीलाही काहीतरी मिळतं, आणि ते मिळायलाच हवं. पिल्लाचा फोटो बघून टोकन पटकन पडतं हो, औषधाच्या गोळ्यांचा फोटो कोण बघणार?

टोकन म्हणून शर्टाची बटणंही चालतील. रक्कम धंद्याला झेपेल तेवढीच धरा, पण ती मालाच्या भावात चढवू नका. दुधाचा भाव सगळ्यांना पाठ असतो. गणपती मंडळाची वर्गणी वेगळी द्या, या पेट्यांत ती आली की निवडणूकच लागेल! आणि महिना संपला की पैसे पोचल्याची पावती त्या-त्या पेटीवर चिकटवा. पावती देऊ न शकणाऱ्याची पेटी मी तरी ठेवणार नाही, मग तो कितीही ओळखीचा असो.