रंगीत काच आणि चष्म्याचा नंबर

गेल्या रविवारी मिस्सानंतर एक बाई आपल्या मुलास घेऊन आमच्या भेटीस आल्या. शाळेत फळ्यावरची अक्षरे त्याला पुसट दिसतात, म्हणून त्यांनी आठवड्याच्या बाजारातून पिवळ्या काचेचा चष्मा आणिला होता. “फादर, सगळे लख्ख दिसते म्हणतो, पण फळा काही वाचता येत नाही,” असे त्या म्हणाल्या. वाचकहो, सारा विषय त्या एका वाक्यात आला.

पिवळी काच निळा प्रकाश अडविते. त्यामुळे वस्तूंच्या कडा ठळक भासतात. परंतु लघुदृष्टीच्या डोळ्यात दूरच्या वस्तूचे किरण आतील पडद्याच्या अलीकडेच एकत्र येतात. त्यांना किंचित फाकवून पडद्यावर नेण्याचे काम भिंगाचा बाक करितो, रंग नव्हे. नंबर म्हणजे या भिंगाच्या शक्तीचेच माप.

गडद काचेची तर गोष्टच उलटी. भर उन्हात बाहुली आकसते आणि अशा डोळ्यालाही, बारीक छिद्रातून पाहावे तसे, दूरचे थोडे स्पष्ट दिसते. बिननंबरी काळा चष्मा चढविला की बाहुली पुन्हा विस्तारते व पुसटपणा वाढतो! त्यातून ती काच अतिनील किरण अडविणारी नसेल, तर विस्तारलेल्या बाहुलीतून तेही अधिक आत शिरतात. हा अडविण्याचा गुण काळेपणात नसतो. पॉलिकार्बोनेटचे बिनरंगी भिंगही ते किरण अडविते.

रंगीत काचेशी आमचे वैर नाही. काचेच्या भट्टीवरील कामगारांचे डोळे मोतीबिंदूपासून वाचावेत म्हणून सर विल्यम क्रुक्स यांनी सीरियम मिसळलेल्या काचेवरील आपले संशोधन १९१३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडिले. ते उपकाराचेच काम होते. उन्हात राबणाऱ्याने नंबराच्या भिंगालाच छटा करून घ्यावी. रात्री गाडी चालविताना मात्र ती नको.

मोबाइल पाहणाऱ्यांना निळा प्रकाश गाळणारी भिंगे आग्रहाने विकली जातात. कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्यांचे परीक्षण २०२३ साली प्रसिद्ध केले. साध्या भिंगांच्या तुलनेत त्यांनी डोळ्यांचा शीण कमी होतो, असे अल्पकाळाच्या वापरात तरी दिसले नाही. तेवढे पैसे तपासणीस लावावेत, हे आमचे मत.

त्या बाईंस आम्ही तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जाण्यास सांगितले आहे. मुलांचा नंबर डोळ्यांत थेंब घालून पाहावा लागतो. त्यानंतर काही तास जवळचे अंधुक दिसते, त्यास भिऊ नये. पिवळा चष्मा मुलाने सायकलवर धूळ चुकविण्यासाठी ठेवून घेतला आहे.