घरात काडतुसं भरायचं टेबल? आधी कायदा पाहा

परदेशी व्हिडिओत सगळं सोपं दिसतं: वापरलेलं काडतूस, नवी टोपी, बंदुकीची दारू, गोळी आणि हाताने दाबायचा प्रेस. बोईसरच्या एखाद्या वर्कशॉपला असा प्रेस बनवणं अवघडही नाही. अडचण तिथेच आहे. शस्त्र अधिनियम 1959 च्या व्याख्येत दारूगोळा बनवण्याचं यंत्रसुद्धा ‘दारूगोळा’च ठरतं! घरातल्या बंदुकीचा परवाना इथे कामाचा नाही. उत्पादनासाठी कलम 5 नुसार वेगळा परवाना लागतो. तो नसेल तर 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 7 वर्षं तुरुंगवास, कमाल जन्मठेप. कायदा कडक आहे, पण योग्यच. जानेवारी 2020 मध्ये तारापूर एमआयडीसीत स्फोट झाला तो निदान कारखान्यात. इथे दारू ठेवणार कुठे, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत?